खिळा बुडतो, ओंडका तरंगतो: आठवीच्या मुलीला घनता समजवायची कशी?

सोलापुरातल्याच एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी आठवीत आहे. 'घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान' तिला तोंडपाठ आहे, त्यावरची गणितंही सुटतात. पण लोखंडी खिळा बुडतो आणि लाकडाचा ओंडका का तरंगतो, असं विचारलं की ती म्हणते, "खिळा जड असतो." ओंडका तर खिळ्यापेक्षा कितीतरी जड, हे लक्षात आणून दिलं की म्हणते, "मग ओंडक्यात हवा असेल." जहाज का तरंगतं, तर "समुद्र खोल असतो म्हणून." वर तिचाच उलटा प्रश्न, तेल पाण्यापेक्षा दाट असतं तरी वर का येतं? ताईंनी विचारलंय, हिची गाडी नेमकी कुठे अडलीय, आणि शिकवणी लावावी का?

ताई, शिकवणीचं तूर्त राहू द्या. मुलगी विचार करतेय, हे तिच्या उत्तरांवरूनच दिसतं. फक्त ती एकट्या वस्तूकडे बघतेय. खिळा जड, ओंडक्यात हवा, तेल दाट. पाण्याचा विचार आला तोही खोलीपुरताच. आणि तरंगणं-बुडणं तर वस्तू आणि पाणी या दोघांमधलं प्रकरण आहे. वस्तू पाण्यात जेवढी जागा अडवते, त्या जागेत आधी पाणी होतं. ते पाणी किती वजनाचं होतं आणि वस्तू किती वजनाची आहे, एवढीच तुलना आहे. तराजूच्या एका पारड्यात वस्तू आणि दुसऱ्यात तिने बाजूला सारलेलं पाणी. हे दुसरं पारडं मुलीला दिसत नाही, कारण आपण तिला ते दाखवतच नाही. आठवीच्या 'बल व दाब' या धड्यात घनता, सापेक्ष घनता (पाण्याच्या घनतेच्या किती पट ते), प्लावक बल (पाणी वस्तूला वर ढकलतं ते बल), आर्किमिडीजचं तत्त्व हे सगळं आहे. पण मुलांच्या डोक्यात घनता गणितात जाते, प्लावक बल व्याख्येत जातं आणि दोघांची गाठ पडत नाही.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो आणि हा भाग शिकवताना सूत्र सगळ्यात शेवटी फळ्यावर लिहितो. कारण पुढे येईलच.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण सुरुवात कुठून करायची ते त्यावर ठरतं. खेळायच्या क्लेचा (प्लॅस्टिसिनचा) एक गोळा घ्या. पाण्याने अर्ध्या भरलेल्या मापाच्या जगात तो सोडा, पातळी किती चढली त्याची खूण करा. गोळा बाहेर काढा, लांब वळी करा आणि पाण्यात सोडण्याआधी मुलीला विचारा, आता पाणी जास्त चढेल, कमी की तेवढंच? ती ठामपणे 'तेवढंच' म्हणाली तर आकारमानाची कल्पना पक्की आहे, पुढे चला. 'वळी लांब आहे म्हणून जास्त' म्हणाली, तर घनतेचं नाव काढू नका. आठ-दहा दिवस घरात दगड, बटाटे, कुलपं असं काहीबाही पाण्यात बुडवून आकारमान मोजू द्या. बटाटा नीट बुडत नसेल तर सुईने टोचून खाली दाबा. हा पाया कच्चा असेल तर पुढचं सगळं पाठांतर होतं. सहावीतलं मूल असतं तर मी इथेच जास्त रेंगाळलो असतो. आठवीतल्या बहुतेक मुलांना हे जमतं, पण बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत.

आता 'जड ते बुडतं' या समजुतीकडे येऊ. ही वाद घालून जात नाही, डोळ्यांनी बघितल्यावरच जाते. हिवाळ्यात नागपूरची संत्री आपल्या मार्केटात येतात. एक संत्रं बादलीत सोडा, तरंगेल. बाहेर काढून सोला, साल बाजूला ठेवा, संत्रं परत सोडा. बुडेल. घरी किचन काटा असेल तर दोन्ही वेळचं वजन मुलीकडून लिहून घ्या. वजन कमी झालं आणि तरी वस्तू बुडाली! वर्गात हे केलं की दोन मिनिटं कोणी बोलत नाही, मग एकदम सगळे बोलतात. एक काळजी घ्या. प्रत्येक संत्रं असं वागेलच असं नाही, एखादं सोलूनही तरंगतं. म्हणून मुलीसमोर करण्याआधी दोन-तीन संत्री स्वतः करून बघा.

इथे ती म्हणेल, "बघ, सालीत हवा होती. मी म्हटलं नव्हतं?" तिचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. सालीच्या स्पंजासारख्या पांढऱ्या थरात हवा असते. वाळक्या लाकडाच्या पेशींतही हवा असते. लाकडाचा मूळ पदार्थ पाण्यापेक्षा जवळपास दीडपट घन आहे, आणि वर्षानुवर्षं पाण्यात राहून आतली हवा गेली की तेच लाकूड तळाला जातं. पण मग तिला मेणबत्तीचा तुकडा द्या. मेणात हवा नाही, तरी तरंगतं. गोडं तेल, त्यातही हवा नाही. बर्फाचा स्वच्छ पारदर्शक खडा, तोही तरंगतो. म्हणजे हवा हे मूळ कारण नाही. हवा एवढंच करते, की वजनात जवळजवळ भर न घालता वस्तूची जागा वाढवते. जागा वाढली की बाजूला सारलेलं पाणी वाढतं. आणि आपण परत त्या दुसऱ्या पारड्याकडे येतो.

पाणी वर ढकलतं हे हाताला कळायला हवं, वाचून नाही. एक लिटरची रिकामी बाटली, झाकण घट्ट लावून, मोठ्या बादलीत मुलीला हळूहळू खाली दाबू द्या. पाव बुडवायला थोडा जोर, अर्धी बुडवायला जास्त, पूर्ण बुडवायला सगळ्यात जास्त. पूर्ण बुडाली की मग आणखी खाली नेताना जोर वाढतो का, हे तिला आवर्जून विचारा. वाढत नाही. 'समुद्र खोल असतो म्हणून जहाज तरंगतं' याचं उत्तर इथे तिच्या तळहाताला मिळतं. प्लावक बल वस्तूच्या किती भागाने पाणी सारलं यावर अवलंबून आहे, खाली किती पाणी उरलंय यावर नाही. पुरेसं पाणी मिळालं की होडी चंद्रभागेत तरंगते तशीच उजनीच्या जलाशयातही तरंगते.

ढकलतं हे कळलं. पण किती? यासाठी ताणकाटा लागतो, म्हणजे स्प्रिंगचा तो साधा हुकाचा काटा. सामानाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटाही चालेल, जर लहान वजनं नीट दाखवत असेल तर. आपल्याकडचा काळा दगड घ्या, त्याला दोरा बांधा. समजा हवेत काटा ५६० ग्रॅम दाखवतो. आता एका डब्याला वरच्या बाजूला भोक पाडून त्यात स्ट्रॉ बसवा, फटीला क्ले लावा, डबा स्ट्रॉपर्यंत भरा आणि जादा पाणी गळून जाऊ द्या. स्ट्रॉखाली रिकामी वाटी ठेवा. दगड हळूच पूर्ण बुडवा, तळाला मात्र टेकवू नका. काटा आता ३६० च्या आसपास दाखवेल. २०० ग्रॅम कुठे गेले? वाटीतलं पाणी मोजा. २०० मिलिलिटर, म्हणजे वजनाला २०० ग्रॅम.

हा क्षण घाईत घालवू नका. मुलीला वाटी हातात धरू द्या. दगड जेवढा 'हलका' झाला, तेवढंच वजन या वाटीत आहे. आर्किमिडीजचं तत्त्व ते हेच. पुस्तकात असतो तसा काठोकाठ भरलेला तांब्या परातीत ठेवून हे करायला जाऊ नका. काठावर पाणी फुगून राहतं, नंतर एकदम सांडतं आणि आकडे जुळत नाहीत. आकडे जुळले नाहीत की मूल 'प्रयोगात असंच होतं' म्हणून सोडून देतं आणि विश्वास पाठांतरावर ठेवतं. स्ट्रॉ लावूनही पाच-दहा ग्रॅमचा फरक राहील. तो का राहिला, याची चर्चा करा.

आणि आता, इथे, सूत्र. ५६० भागिले २००, २.८. हा दगड त्याच जागेतल्या पाण्याच्या २.८ पट आहे. मुलीने इतके दिवस वहीत केलेल्या भागाकाराला आता अर्थ आला. पाण्याची घनता घन सेंटिमीटरला १ ग्रॅम आहे म्हणून घनतेचा आकडा थेट 'पाण्याच्या किती पट' हेच सांगतो. लोखंड ७.८ च्या जवळ, ॲल्युमिनियम २.७, काच २.५ च्या आसपास, पारा १३.६. बर्फ ०.९२, खायची तेलंही साधारण तेवढीच, सागवान ०.६५ च्या जवळपास. एकपेक्षा जास्त ते बुडतं, कमी ते तरंगतं. पाऱ्यावर लोखंड तरंगेल का, हे तिला या आकड्यांवरून सांगता यायला हवं. (पारा घरी हाताळायचा नाही, हे फक्त कागदावर.)

तिच्या तेलाच्या प्रश्नाचंही उत्तर यातच आहे. तेल दाट वाटतं कारण ते सावकाश वाहतं, चिकट असतं. वाहण्यातला चिकटपणा आणि त्याच जागेतलं वजन या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मधही सावकाश वाहतो, पण तो पाण्याच्या तळाला जातो. एक वाटी पाणी आणि तीच वाटी भरून तेल, दोन्ही किचन काट्यावर ठेवा. तेलाचा आकडा कमी येईल, प्रश्न मिटला.

इथवर आलं ते असं: वस्तू जागा अडवते, त्या जागेतलं पाणी बाजूला होतं, त्या पाण्याच्या वजनाइतकं बल वस्तूला वर ढकलतं. पूर्ण बुडूनही हे बल वस्तूच्या वजनापेक्षा कमी पडलं तर वस्तू खाली जाते. उरलं जहाज, आणि माझ्या मते सगळ्या धड्याची किल्ली तिथेच आहे.

परत क्ले घ्या, ६० ग्रॅमच्या जवळपास. त्यातून वाटी वळता येईल आणि ती आत मावेल इतका रुंद मापाचा जग हवा. जगात ६०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. गोळा सोडा. बुडेल, आणि पातळी समजा ६३५ वर जाईल. गोळा काढा, पुसा, त्याचीच पातळ वाटी करा, कड उंच ठेवा, कुठे भोक राहू देऊ नका. ती अलगद पाण्यावर ठेवा. तरंगेल. आता तिला जगाची खूण वाचायला सांगा.

बहुतेक मुलांना वाटतं, बुडालेली वस्तू जास्त पाणी सारेल आणि तरंगणारी कमी. पण खूण ६६० दाखवते. बुडालेल्या गोळ्याने सारलं ३५ मिलिलिटर, तरंगणाऱ्या वाटीने ६०. क्ले तीच, वजन तेच. ६० ग्रॅमच्या वस्तूला तरंगायचं तर तिला ६० ग्रॅम पाणी बाजूला सारावं लागतं. गोळ्याला तेवढी जागा अडवता येत नव्हती, वाटीला आली. वाटी किती खोल बुडेल हेही यावरूनच ठरतं, ६० ग्रॅम पाणी सरलं की ती थांबते. आत एकेक नाणं ठेवत जा. प्रत्येक नाण्यासरशी वाटी थोडी आणखी खाली जाईल आणि पातळी वर चढेल. कडेवरून पाणी आत शिरलं की संपलं, मग वाटी फक्त क्लेची जागा अडवते. पोलादी जहाजाचं अगदी हेच आहे. लोक ॲल्युमिनियमच्या फॉइलने हा प्रयोग करतात, पण फॉइलच्या चुरगळलेल्या गोळ्यात हवा अडकते आणि तो गोळाही तरंगत बसतो. क्लेच बरी.

हिची अजून एक शंका पुढे येईल: पाणी मुळात वर ढकलतंच का? दाबाचा भाग आठवीत त्याच धड्यात आहे, त्याला इथे जोडा. प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर असलेला ठोकळा पाण्यात पूर्ण बुडालाय अशी कल्पना करा. बाजूंवरचे दाब समोरासमोर जिरतात. पण तळ माथ्यापेक्षा १० सेंटिमीटर खोल आहे, म्हणून तळावरचा दाब जास्त. फरक किती, तर १० सेंटिमीटर उंच पाण्याच्या थराएवढा. १०० चौरस सेंटिमीटरवर १० सेंटिमीटरचा थर म्हणजे १००० घन सेंटिमीटर, एक लिटर पाणी, एक किलो. ठोकळ्याने सारलेलं पाणीही नेमकं एक लिटरच. ठोकळा आणखी खाली नेला तर दोन्ही दाब वाढतात, फरक तेवढाच राहतो. बाटली खोल नेताना जोर का वाढला नाही, ते इथे समजतं.

आर्किमिडीजच्या टबाची गोष्ट सांगावी का, असं बरेच पालक विचारतात. जरूर सांगा, पण सगळ्यात शेवटी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सिसिलीतल्या सिराक्यूसमध्ये होऊन गेलेल्या या माणसाची मुकुटाची गोष्ट त्याच्यानंतर कैक वर्षांनी लिहिली गेली, आणि त्या गोष्टीत सांडलेल्या पाण्यावरून मोजलंय ते आकारमान. वर ढकलणाऱ्या बलाचा नियम त्याने तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या आपल्या ग्रंथात वेगळा मांडलाय. सुरुवातीलाच गोष्ट सांगितली की मुलांच्या लक्षात टब राहतो आणि बल निसटतं.

त्यापेक्षा आपल्या भागातली उदाहरणं मला जास्त उपयोगी वाटतात. शेतातल्या विहिरीत पोहायला शिकताना पाठीला हवाबंद डबा बांधतात. पाच लिटरचा डबा चाळीस किलोच्या पोराला कसा धरून ठेवतो? मुलीला विचारा. पाच लिटरचा डबा फार तर पाच किलो पाणी सारणार, त्यातून डब्याचं वजन वजा. मग उरलेल्या पस्तीस किलोंचं काय? ते पाणीच तोलतं. माणसाचं शरीर पाण्याच्या घनतेच्या इतकं जवळ आहे, की छाती भरून श्वास घेतला तर आपण जेमतेम तरंगतो आणि सोडला तर खाली जाऊ लागतो. अडचण डोक्याची असते. श्वासासाठी ते बाहेर ठेवायचं, आणि बाहेर आलेला भाग पाणी सारत नाही. ती तीन-चार किलोंची तूट डबा भरून काढतो. वर्गात हे उदाहरण आलं की खेड्यातून येणारी, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात.

बाजरी पेरणाऱ्यांच्या घरी आणखी एक मिळेल. अरगट या बुरशीजन्य रोगापासून बचावासाठी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात, १० लिटर पाण्याला २ किलो मीठ. रोगट आणि पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. खाली बसलेलं बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. मीठ घातल्याने पाण्याची घनता सुमारे १.१२ होते, म्हणजे दुसरं पारडं जड झालं. तोच ५६० ग्रॅमचा दगड या पाण्यात बुडवलात तर काटा ३६० ऐवजी ३३५ च्या जवळ थांबेल. दगडात काही बदल झालेला नाही. साध्या पाण्यात बुडालेला बटाटाही यात वर येतो. दूध संकलन केंद्रावर जी 'डिग्री' बघतात तीही घनताच, दुधाची १.०३ च्या आसपास असते आणि पाणी घातलं की उतरते. साय काढली तर मात्र ती चढते, म्हणून नुसत्या डिग्रीवर भेसळ पकडता येत नाही, सोबत फॅटही बघावी लागते.

हे सगळं एका रविवारी उरकू नका. संत्रं आणि बाटली एका दिवशी, दगड दुसऱ्या, क्ले तिसऱ्या. मध्ये शाळेची परीक्षा असेल तर गणितांचा सराव चालू ठेवा, गुण त्यावरच मिळतात. मुलगी स्वतः हाताने करणारी असेल तर तुम्ही फक्त प्रश्न विचारा. लाजरी असेल, चुकायला घाबरत असेल, तर आधी तुम्हीही अंदाज सांगा आणि तुमचाही चुकू द्या.

समजलं की नाही हे व्याख्या विचारून कळणार नाही. त्यासाठी मी मुलांना एक कोडं घालतो. बादलीत पाणी, पाण्यावर तरंगणारं पातेलं, पातेल्यात तोच ५६० ग्रॅमचा दगड. पाण्याच्या पातळीची खूण केली. आता दगड उचलून बादलीतल्या पाण्यात टाकला आणि पातेलं तसंच तरंगत ठेवलं. पातळी खुणेच्या वर जाईल, खाली की तिथेच राहील? करून बघण्याआधी तिला उत्तर आणि कारण कागदावर लिहू द्या. पातळी खाली जाते. पातेल्यात असताना दगडामुळे ५६० मिलिलिटर पाणी सरत होतं, तळाला गेल्यावर फक्त २००. हे दोन्ही आकडे तिने आपणहून कारणात लिहिले तर सापेक्ष घनतेची गणितं बिनधास्त द्या. 'वर जाईल' असं लिहिलं तर तिला रागावू नका, उत्तरही सांगू नका. क्लेचा गोळा आणि क्लेची वाटी पुन्हा एकदा जगात सोडायला सांगा आणि या वेळी ३५ आणि ६० हे आकडे तिलाच वाचू द्या.